चारचे अठ्ठावीस: ओहायोतल्या एका घरगुती अल्पाका फार्मचं प्रकरण

प्रकरण माझ्या चुलत भावाचं आणि वहिनीचं आहे, आणि त्यांच्या अल्पाकांचं, म्हणजे उंटाच्या कुळातल्या, दक्षिण अमेरिकेतल्या लोकरीच्या प्राण्यांचं. दोघं अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहतात, तो कारखान्यात इंजिनिअर, ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. गावाचं नाव देत नाही, त्या भागात आपली माणसं थोडी आणि अल्पाका पाळणारी त्याहून थोडी, लगेच कळेल कोण ते. मी खाती-हिशोबातला माणूस, फार्मची वही पहिल्या वर्षापासून माझ्याकडेच आहे, त्यामुळे प्राण्यांच्या गोंडसपणाबद्दल इथे फार काही मिळणार नाही. गोंडस आहेतच ते, पण त्याच गोंडसपणाने लोक फसतात.

२०१३ मध्ये दादा ४७ चा होता, वहिनी ४४ ची. विचार असा की ६२ ला, म्हणजे २०२८ मध्ये नोकरी सोडायची, तोपर्यंत पंधरा वर्षं हातात आहेत, पगार चालू असताना फार्म उभा करू, सुरुवातीचा तोटा पगारातून सोसू, आणि रिटायर होऊ तेव्हा तो स्वतःच्या पायावर चालत असेल, थोडे पैसे देईल आणि हाताला काम देईल. ऐकायला एकदम बरोबर. अल्पाकाच का, तर गाईसारखा अंगावर येणारा प्राणी नाही, साधारण ५५ ते ८० किलोचा, पन्नाशी ओलांडलेला माणूसही धरू शकतो, मारायचा नाही, वर्षाला एकदा लोकर कातरायची, आणि लेंड्या सगळे मिळून एकाच जागी टाकतात म्हणजे साफसफाई सोपी. हे सगळं खरंच आहे. फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती की हा प्राणी १५ ते २० वर्षं जगतो आणि दरवर्षी एक पिल्लू देतो, आणि तुम्ही मात्र त्याच काळात ४७ चे ६७ होता.

आधी बाजाराबद्दल थोडं, कारण त्याशिवाय त्यांना प्राणी स्वस्त का मिळाले ते कळणार नाही. अमेरिकेत अल्पाका व्यापारासाठी यायला लागले १९८४ पासून, चिली-पेरू-बोलिव्हियातून. पुढे नोंदणी करणारी संस्था उभी राहिली, रक्ताची डीएनए तपासणी करून वंशावळ ठेवायची, आणि १९९८ मध्ये तिने बाहेरून आणलेल्या प्राण्यांची नोंदणी बंद केली. झालं, पुरवठा आटला आणि भाव चढत गेले. दोन हजारच्या दशकाच्या मध्याला चांगली गाभण मादी दहा-वीस हजार डॉलरच्या पुढे जायची, टीव्हीवर जाहिराती चालायच्या, आणि त्या जाहिराती मुख्यतः रिटायरमेंटच्या उंबरठ्यावरच्या जोडप्यांनाच उद्देशून असायच्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या टीना सायटोन आणि रिचर्ड सेक्स्टन या दोन अर्थतज्ञांनी तेव्हाच हिशोब मांडून दाखवला होता की लोकरीच्या कमाईवर हे भाव कुठल्याच गणितात बसत नाहीत, हा फुगा आहे. मादीची किंमत तिच्या पिल्लांवर, पिल्लांची किंमत त्यांच्या पिल्लांवर, आणि शेवटी लोकर विकत घेणारा माणूस कुठेच नाही. २००८ च्या मंदीनंतर भाव कोसळले, काही ठिकाणी लोकांनी प्राणी अक्षरशः फुकट दिले.

म्हणजे दादा-वहिनी बाजारात आले ते फुगा फुटून गेल्यावर, आणि हे त्यांचं नशीब. एक फार्म बंद होत होता, त्याच्याकडून २०१४ मध्ये चार गाभण माद्या मिळाल्या, मिळून साडेचार हजार डॉलरला. दहा वर्षं आधी एवढ्यात अर्धी मादी आली नसती.

जागा त्याआधी घेतली होती, १४ एकर. हा आकडा सहज आलेला नाही. ओहायोत शेतजमिनीला बाजारभावाऐवजी शेतीच्या मूल्यावर मालमत्ता कर लागतो, पण त्यासाठी दहा एकर किंवा जास्त जमीन तीन वर्षं फक्त व्यापारी शेतीत हवी, दहाच्या खाली असेल तर वर्षाला सरासरी २,५०० डॉलरचं उत्पन्न शेतीतून दाखवावं लागतं. घर आणि अंगण त्यात धरत नाहीत. ११ एकरांचा एक तुकडा दादाला जास्त आवडला होता, ओढा वगैरे होता, पण घराभोवतीची जागा वजा केली की काठावर येत होता म्हणून सोडला. नंतर कळलं ओढा नव्हता तेच बरं, का ते पुढे येईल.

त्यातल्या चार एकरांना कुंपण घातलं, पाच फुटी विणलेली जाळी, बारीक चौकटीची, काटेरी तार अजिबात नाही कारण लोकर आणि मान दोन्ही अडकतात. एक तीन भिंतींचा गोठा. कुंपणाला प्राण्यांच्या दुप्पट पैसे गेले. नवीन लोकांना मी हेच सांगतो की प्राण्याची किंमत हा या धंद्यातला सगळ्यात छोटा खर्च आहे.

पहिली सहा वर्षं

चारही माद्या ऑक्टोबरात व्यायल्या. पिल्लं सहा-सात किलोची, तास-दोन तासात उभी राहतात, पहिल्या दिवसात चीक पोटात गेला पाहिजे नाहीतर प्रतिकारशक्तीच येत नाही, हे सगळं वहिनीने वाचून ठेवलेलं होतं. एका पिल्लाने चीक नीट घेतला नाही, दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर अँटीबॉडी कमी, मग प्लाझ्मा चढवावा लागला. एका पिल्लाचं ते बिल बघून मला वाटलं होतं हे लोक पुढच्या वर्षी बंद करतील. केलं नाही.

खरा त्रास आला जानेवारीत. ऑक्टोबरची पिल्लं, ओहायोचा हिवाळा, ऊन नावाला, आणि अल्पाका हा अँडीजच्या उंचीवरचा प्राणी, तिथलं कडक ऊन त्याच्या शरीराने गृहीत धरलेलं आहे. ड जीवनसत्त्व कमी पडलं, पिल्लं पाठ वाकवून चालायला लागली, वाढ थांबली. इंजेक्शनांनी सुधारली. तेव्हापासून नियम झाला की विण्याचा काळ मे-जूनच धरायचा. गर्भ साडेअकरा महिन्यांचा, व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मादी परत फळवता येते, म्हणजे मनात आणलं तर मादी जवळजवळ आयुष्यभर गाभणच राहते. ऑक्टोबरचं वेळापत्रक उन्हाळ्यावर न्यायला माद्या काही महिने रिकाम्या ठेवाव्या लागल्या. एक गंमत अशी की या प्राण्याला माज येत नाही, नराशी संबंध आल्यावरच बीज सुटतं, आणि गाभण राहिली की नाही हे मादीच सांगते, नर समोर आणला की ती त्याच्या तोंडावर थुंकते. वहिनीचं म्हणणं की लॅबमधल्या अर्ध्या टेस्टपेक्षा ही भरवशाची.

नर सुरुवातीला भाड्याने. मग २०१६ मध्ये एक पैदाशीचा नर विकत घेतला, आणि तिथे एक गणित सुरू झालं जे कागदावर फार छान दिसतं. चार माद्या, वर्षाला चार पिल्लं, त्यातल्या निम्म्या माद्या, त्या दीड-दोन वर्षांच्या झाल्या की फळवायच्या, तीन वर्षांच्या आत त्यांचं पहिलं वेत. पहिली तीन वर्षं चार-चार पिल्लं, मग सहा, मग आठ, मग दहा. सहा वर्षांत ३६ पिल्लं. दादाने एक्सेलमध्ये हे मांडलेलं, त्याखाली प्रत्येक पिल्लाला १,५०० डॉलर भाव लावलेला, आणि २०२८ पर्यंतचा आलेख वर वर जाणारा. इंजिनिअर माणूस, आलेखावर विश्वास.

प्रत्यक्षात २०१९ अखेरपर्यंत ३१ पिल्लं झाली, म्हणजे आलेख फार चुकला नाही. चार मूळच्या आणि एक नर धरून ३६, तीन मेले, आणि विकले गेले किती? पाच. सहा वर्षांत पाच. उरले २८.

का विकले गेले नाहीत याचं कारण साधं आहे. जो अल्पाका घेऊ शकतो त्याच्याकडे बहुतेक आधीच अल्पाका असतात, आणि त्याच्याकडेही तेच चारचे अठ्ठावीस झालेले असतात. नर तर कोणालाच नकोत, वीस माद्यांना एक नर पुरतो आणि जन्मतात निम्मे. वर स्वतःच्या नराच्या मुली त्याच नराला लावता येत नाहीत, म्हणजे दुसरा नर आणा किंवा माद्या बाहेर पाठवा, बाहेर पाठवल्या की आल्यावर वेगळ्या ठेवा, तपासण्या करा. नर वयात आले की माद्यांपासून वेगळं आवार पाहिजे. थोडक्यात कळप वाढतो तसं काम कळपापेक्षा जास्त वेगाने वाढतं, आणि उत्पन्न त्यासोबत येईलच असं नाही.

२०१९ चा उन्हाळा

चार एकरांवर २८-३० प्राणी म्हणजे एकरी सात. गवत चांगलं असेल तर पुस्तकात एकरी पाच ते आठ लिहिलेलं असतं, त्यामुळे दादाला वाटत होतं आपण नियमात आहोत. पण त्या वर्षी पाऊस भरपूर, गवत सतत ओलं, आणि जुलैत एकामागोमाग तीन प्राणी मंदावले. जुलाब नाही काही नाही, फक्त मागे राहायचे, बसून राहायचे. खालची पापणी उलटून बघितली तर गुलाबीच्या जागी पांढरी. हिमोंकस जंत, जठरात चिकटून रक्त पितो. दोन गेले, एक वाचला.

आता हे का झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथेच आहे. ओहायोत पांढऱ्या शेपटीची हरणं सगळीकडे. त्यांच्या अंगात एक जंत असतो, मेंदूच्या आवरणात राहणारा, हरणाला त्याचं काही होत नाही. हरणाच्या लेंडीतून अळ्या गोगलगायीत, गोगलगाय ओल्या गवतावर, गवतासोबत ती अल्पाकाच्या पोटात, आणि तिथून अळी पाठीच्या कण्यात शिरते. प्राणी मागचे पाय ओढायला लागतो. (ओढ्याकाठची जागा सोडली ते बरं म्हणालो ते यासाठी.) २०१७ मध्ये एक मादी अशी गेली होती, म्हणून मग तिकडचे बहुतेक पाळणारे करतात तसं हेही दर महिन्याला सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध टोचत होते. पण दर महिन्याला तेच औषध दिलं की जठरातल्या हिमोंकसला त्याची सवय होते, जे मरायचे ते मरतात, न मरणारे उरतात, आणि त्यांचीच पैदास होते. म्हणजे एका जंतापासून वाचवायला दिलेल्या औषधाने दुसरा जंत पक्का केला. प्राणी कमी असते तर तरीही निभावलं असतं, कारण अल्पाका स्वतःच्या लेंड्यांच्या ढिगाजवळ चरत नाहीत. दाटी झाली, बाकीचं गवत संपलं, की ढिगाच्या कडेचं खातात.

वहिनीने इथे सूत्रं हातात घेतली. तिने जुना मायक्रोस्कोप आणला, मोजणीची खास काचपट्टी मागवली, आणि स्वयंपाकघरात नाही तर गॅरेजमध्ये (दादाची अट) लेंड्या मिठाच्या द्रावणात घोळून अंडी मोजायला लागली. औषधाच्या आधी आणि दोन आठवड्यांनी नंतर. अंडी जवळपास तेवढीच. मग व्हेटसोबत बसून दुसरी औषधं ठरली, आणि ती सरसकट कळपाला द्यायची नाहीत, पापणी फिकी किंवा अंडी जास्त असतील त्यालाच द्यायची, म्हणजे काही साधे जंत कुरणात शिल्लक राहतात आणि औषध टिकतं. हरणांच्या जंताचं इंजेक्शन चालूच, पण कडाक्याच्या थंडीत, गोगलगायी हलत नाहीत तेव्हा, बंद. आणखी दोन एकर कुंपणात घेऊन कुरणाचे तुकडे केले, आळीपाळीने चारायचं. लोकांना वाटतं फार्म वाढवणं म्हणजे प्राणी वाढवणं, या घरात खरी वाढ झाली ती या गॅरेजमधल्या मायक्रोस्कोपने.

मी त्याच हिवाळ्यात वही घेऊन बसलो आणि लोकरीचा हिशोब काढला. २८ प्राण्यांची मिळून साधारण १४० पौंड लोकर. कच्ची, सरसकट सहकारी संस्थेला दिली तर पौंडाला तीनेक डॉलर, म्हणजे ४२० डॉलर. आणि कातरायला येणारा माणूस घेतो प्राण्यामागे ३५, म्हणजे ९८०. लोकर विकून लोकर कातरण्याचे पैसेही निघत नाहीत! न कातरून चालत नाही, ओहायोच्या दमट उन्हाळ्यात प्राणी उष्म्याने मरेल. चारा, खनिजं, औषधं, कातरणं धरून प्राण्यामागे वर्षाला साडेतीनशे डॉलर. न विकला गेलेला प्रत्येक नर म्हणजे पुढची पंधरा वर्षं साडेतीनशे.

टॅक्सची बाजू वेगळीच. अमेरिकेत शेतीचा तोटा पगारातून वजा करता येतो, पण आयआरएसने, म्हणजे तिथल्या आयकर खात्याने, हा धंदा नसून छंद आहे असं ठरवलं तर नाही. पाच पैकी तीन वर्षं नफा दिसला तर धंदाच आहे असं गृहीत धरतात. घोड्यांना सातात दोन अशी सवलत आहे, अल्पाकाला नाही. नफा नसेल तर तुमच्या हेतूवरून ठरतं, नऊ निकष आहेत, नीट वह्या ठेवता का, तज्ञांचा सल्ला घेता का, किती वेळ देता, तोटा कमी करायला पद्धत बदलता का वगैरे. २०१८ पासून छंद ठरला तर नियम आणखी कडू, उत्पन्नावर कर भरायचा आणि खर्च मात्र वजा होत नाही. २०१४ ते २०२० सलग सात वर्षं तोटा होता. मी दादाला म्हटलं, वेगळं बँक खातं आहे, वही आहे, सगळं ठीक आहे, पण आठव्या वर्षी हेच चालू राहिलं तर मी तुझ्या जागी असतो तर झोपलो नसतो. "पिल्लं विकली की येईल नफा," दादा म्हणाला. वहिनी काही बोलली नाही, ती अंडी मोजत होती.

थांबायचं कधी

२०२१ च्या सुरुवातीला जे बोलणं झालं ते टॅक्सवरून सुरू झालं आणि वयावर येऊन थांबलं. मी कागदावर दोन ओळी लिहिल्या. ठरल्याप्रमाणे २०२८ पर्यंत पैदास चालू ठेवली तर शेवटची पिल्लं २०४३ ते २०४८ पर्यंत जगतील, तेव्हा दादा ७७ ते ८२. २०२२ ला थांबवली तर २०३७ ते २०४२, दादा ७१ ते ७६. थंडीत वीस किलोचे गवताचे गठ्ठे उचलायचे, महिन्याला प्रत्येकाला धरून इंजेक्शन, दीड-दोन महिन्यांनी नखं, आणि सत्तर किलोचा प्राणी जो धरलेलं अजिबात आवडत नाही. २८ प्राण्यांना हिवाळ्याच्या पाच महिन्यांत साधारण अडीचशे गठ्ठे लागतात. हे कोण उचलणार? मुलगी शिकागोत स्थिरावलेली, लहानपणी मुलांच्या फोर-एच क्लबमध्ये अल्पाका घेऊन बक्षिसं मिळवलेली, सगळ्या प्राण्यांना काजू, शेंगदाणा, चारोळी अशी नावं तिनेच ठेवलेली, पण परत यायचं नाही हे तिने स्वच्छ सांगितलं होतं. मुलाला फार्म आवडतो, सुट्टीपुरता.

त्यामुळे निर्णय असा झाला की जून २०२१ मध्ये फक्त तीन माद्या फळवायच्या आणि मे २०२२ ची पिल्लं ही शेवटची. दादाला हे जड गेलं. त्याच्या डोक्यात फार्म म्हणजे वाढणारी गोष्ट, पैदास थांबली म्हणजे फार्म संपला. मला उलट वाटतं, रिटायरमेंटसाठी प्राणी पाळायचे असतील तर शेवटच्या पिल्लाची तारीख पहिली मादी घेण्याआधी लिहून ठेवावी, तुम्ही कोणत्या वयापर्यंत गठ्ठे उचलू शकाल तिथून वीस वर्षं मागे मोजायची. त्या हिशोबाने ४७ ही सुरुवात लवकर नव्हती, जेमतेम होती. ५८-६० ला कोणी पैदाशीसाठी गाभण माद्या घेत असेल तर त्याने माद्या घेऊच नयेत, चार-पाच खच्ची केलेले नर घ्यावेत, लोकर तीच मिळते, कटकट निम्मी, आणि प्राणी मिळतातही स्वस्त.

विक्रीची पद्धतही बदलली. आधी एकेक प्राणी फोटो टाकून विकायचा प्रयत्न असायचा. आता २०२० ते २०२३ मध्ये नऊ माद्या दोन घरांना गटाने दिल्या, गाभण, कागदपत्रांसह, आणि सोबत वर्षभर फोनवर मदत करायचं वचन. नवीन माणसाला प्राण्यापेक्षा ते वचन जास्त हवं असतं. १३ नर खच्ची करून तीन-तीन, चार-चारच्या गटात दिले, दर दोन प्राण्यांमागे हजार डॉलरच्या आसपास. एकटा अल्पाका कोणालाही द्यायचा नाही हा वहिनीचा नियम, तो कळपाशिवाय खचतो. बाटलीच्या दुधावर माणसाळवलेला नर पिल्लूही द्यायचा नाही, मोठा झाल्यावर तो माणसाला प्रतिस्पर्धी समजून अंगावर येऊ शकतो. यामुळे काही गिऱ्हाइकं गेली. २०२० ते २०२२ मध्ये बारा पिल्लं झाली होती, ती धरून चाळीस, त्यातले २२ गेले, दोन म्हाताऱ्या माद्या वारल्या, उरले १६.

एक बारीक गोष्ट हिशोबवाल्यांसाठी. स्वतःकडे जन्मलेला पैदाशीचा प्राणी वर्षभराहून जास्त ठेवून विकला तर तो नफा भांडवली नफ्याच्या दराने धरला जातो, साध्या उत्पन्नासारखा नाही आणि स्वयंरोजगाराचा कर त्यावर लागत नाही. गाईला हीच मुदत दोन वर्षांची आहे. कोणता प्राणी पैदाशीसाठी ठेवला होता याची नोंद मात्र आधीपासून हवी, विकताना आठवून चालत नाही.

१६ प्राण्यांवर २०२४ चा ताळेबंद असा. लोकरीचं सूत आणि तयार माल ६,१००, फार्मला भेटी ७,४००, हाताने कातणाऱ्यांना कच्ची लोकर ९००, लेंडीखत ६००. एकूण १५,०००. खर्च प्राण्यांवर ५,४४०, विमा १,९००, गिरणीचे १,७००, बाजारातला स्टॉल आणि वेबसाइट वगैरे १,०००, ट्रॅक्टर १,३००, घसारा १,२००. शिल्लक २,४६० डॉलर. दोघं मिळून आठवड्याला पंचवीस तास देतात, म्हणजे ताशी दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत, हे मी मुद्दाम लिहितोय. पण नफा आहे. २०२१, २०२२ आणि २०२४ नफ्याची, २०२३ गोठ्याच्या छपराच्या दुरुस्तीत तोट्यात. पाचात तीन झाले.

सूताचं गणित मला आवडतं. पाठ आणि बाजूची उत्तम लोकर प्राण्यामागे तीनेक पौंड. ती झटकून, कचरा काढून छोट्या गिरणीत द्यायची, पौंडाला ३५ डॉलर, धुऊन-विंचरून सात दशांश उरते, त्यात शंभर ग्रॅमच्या तीन लडी, तीस डॉलरला एक. कच्ची तीन डॉलरला जाणारी लोकर अशी नव्वदची होते, गिरणीचे वजा करून पंचावन्न. मात्र दीडशे लडी विकायला वर्ष जातं. २८ प्राणी असताना अडीचशे लडी झाल्या असत्या आणि शंभर कपाटात पडल्या असत्या, म्हणजे इथेही कमी प्राणीच परवडले. मेंढीच्या लोकरीसारखी चिकट चरबी यात नसते म्हणून धुणं सोपं, हाताने कातणारे लोक त्यासाठीच घेतात.

भेटींना मी आधी नाक मुरडलं होतं. शनिवारी ठरलेल्या वेळी पंधरा माणसं, पैसे आधी भरून, दोरीला धरून अल्पाका फिरवायचे, वहिनी माहिती सांगते, दादा सूत विकतो. पण वहीत हीच सगळ्यात मोठी ओळ आहे. विमा त्यामुळेच एवढा, साध्या फार्मच्या पॉलिसीत बाहेरची माणसं बसत नाहीत. ओहायोत शेती पर्यटनाचा कायदा आहे, ठरावीक मजकुराचा फलक प्रवेशाशी लावला तर काही जबाबदारीतून सुटका मिळते, तो फलक लावलाय, तरीही विमा घेतलाच आहे.

आता दादा ५९ चा आहे. नोकरी सोडायचं वर्ष तेच, २०२८, पण मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, ६५ ला मिळतं त्यामुळे मधल्या तीन वर्षांचा आरोग्य विमा वहिनीच्या नोकरीवर, ती ६२ पर्यंत थांबणार. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, तो ६७ च्या आधी घेणार नाही, आत्ता तरी तसं म्हणतो. फार्मवर रिटायरमेंट चालणार नाही, त्यासाठी ४०१के, म्हणजे नोकरीतला निवृत्ती फंड, आहे, फार्मने स्वतःचं पोट भरावं आणि जमिनीचा कर कमी ठेवावा एवढीच अपेक्षा आता उरली आहे, आणि २०१३ च्या त्या आलेखाशी तुलना केली तर ही अपेक्षा बरीच लहान आहे. दोघांपैकी कोणी आजारी पडलं तर प्राणी कुठे जातील हे कागदावर लिहून घेतलंय, माद्या ज्या दोन घरांना दिल्या त्यांच्यापैकी एकाशीच करार आहे, प्राण्यासोबत सहा महिन्यांच्या चाऱ्याचे पैसे द्यायचे अशी अट त्यांनीच घातली, आणि ती बरोबर आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. कळप कमी होत जाईल तसं दहा एकर शेतीत आहे हे दाखवणं अवघड होईल, आणि जमीन शेतीतून बाहेर गेली की मागच्या तीन वर्षांत वाचलेला कर परत भरावा लागतो. सध्या कुंपणाबाहेरच्या सहा-सात एकरांवर शेजारच्याला गवत कापून विकू द्यायचं असं बोलणं चाललंय, त्याने गवत न्यावं आणि बदल्यात हिवाळ्यापुरते दीडशे गठ्ठे गोठ्यात आणून रचून द्यावेत. शेजारी शंभरावर अडून बसलाय.